देवीला पलंग, पोरीला टोमणा

धाराशिव जिल्ह्यात झोपेलाही पंचांग आहे. तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. नवरात्राच्या घटस्थापनेआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती चल आहे म्हणून हे जमतं. युद्धाआधी विश्रांती, युद्धानंतर विश्रांती, आणि तीही तिथी-वार ठरवून. पंढरपुरात हाच विचार दुसऱ्या टोकानं येतो. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो, आणि वारी सरल्यावर प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात. जागरण झालं की ते फेडावं लागतं, हे इथल्या पुजाऱ्यांना झोपेचं शास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

देवाच्या झोपेचा हिशेब इतक्या बारकाईनं ठेवणारे आपण माणसाच्या झोपेकडे मात्र चारित्र्याचा दाखला म्हणून बघतो. लवकर उठणारा गुणी, उशिरा उठणारा आळशी, आणि दिवसा झोपणारा तर कामातून गेलेला. नार्कोलेप्सी नावाच्या आजाराचा उपचार आपल्याकडे अडतो तो आधी इथे. औषधं, तपासण्या, तज्ज्ञ यांची टंचाई खरी आहे आणि तिच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण या आजाराच्या उपचाराचा जो अर्धा भाग फुकट मिळण्यासारखा आहे, तोच आपण देत नाही, असं माझं म्हणणं आहे.

धाराशिवहून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं बेंबळी घ्या. तालुक्यातलं मोठं गाव, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं, तुळजापूरही तिथून फार लांब नाही. समजा, इथे दहावीत शिकणारी एक मुलगी आहे. मुलगी कल्पित आहे, तिची लक्षणं मात्र या आजाराच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील. आठवीपर्यंत ती बरी होती. मग पहिल्याच तासाला तिचे डोळे मिटू लागले. लिहिता लिहिता झोप लागते, पेन चालूच राहतं आणि वहीत अक्षरांच्या जागी रेघोट्या उमटतात. बाईंनी दोनदा उभं केलं, तर ती उभ्यानंच पेंगली. ‘काय गं, रातभर जागलालीस का?’ वर्ग हसला. मैत्रिणीनं काहीतरी विनोद केला, ही खळखळून हसायला गेली आणि हसता हसता तिचा जबडा सैल पडला, गुडघे वाकले, ती खाली बसली. मिनिटभरात उठलीही. त्या मिनिटभरात तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त अंग ऐकत नव्हतं. रात्री डोळा लागता लागता दारात कुणीतरी उभं असल्यासारखं दिसतं, छातीवर ओझं येतं, ओरडावं म्हटलं तर आवाज फुटत नाही.

आता गावाचं निदान ऐका. बाई म्हणतात आळस. आई म्हणते अशक्तपणा, पोरीच्या अंगात रक्त नाही. शेजारी म्हणतात फेफरं, आणि कुणीतरी धावत कांदा नाहीतर चप्पल आणतं हुंगवायला. आजी म्हणते बाहेरचं लागलंय, मुंजा बसतोय छातीवर. चार माणसं, चार आजार, चार उपाय: छडी, लोहाच्या गोळ्या, फिटचं औषध, अंगारा. यातली आईची शंका तर अगदीच वाजवी आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत, तेव्हा पेंगणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन पाहायलाच हवं. अडचण अशी की ते कमी निघतंच, आणि कमी निघालं की शोध तिथेच थांबतो. गोळ्यांनी रक्त भरतं, झोप आहे तशीच राहते.

मुलीची ही सगळी लक्षणं एकाच ठिकाणाहून येतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. त्यात 70 हजारांच्या आसपास पेशी ओरेक्झिन नावाचं रसायन बनवतात. जागेपण आणि झोप यांच्यातली सीमा या रसायनाच्या राखणीवर असते. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात, म्हणजे ज्यात हसताना अंग सैल पडतं त्या प्रकारात, यातल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात. मग स्वप्नांच्या झोपेचे तुकडे जागेपणात घुसतात. स्वप्नात आपण हातपाय झाडू नये म्हणून शरीर स्नायूंची शक्ती काढून घेतं. तीच गोष्ट भर दिवसा, हसताना घडली की गुडघे वाकतात. वैद्यक त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतं. पहाटेच्या स्वप्नातली माणसं डोळा लागण्याआधीच दिसू लागली की दारातली सावली उभी राहते. धडधाकट माणसाला स्वप्नांची झोप साधारण दीड तासानं लागते, या रुग्णाला पंधरा मिनिटांच्या आत. आणि ऐकणाऱ्याला पटणार नाही असं म्हणजे, चोवीस तासांची बेरीज केली तर तो इतरांपेक्षा फार जास्त झोपतच नाही. रात्रीची झोपही त्याची पुन्हा पुन्हा मोडते. त्याची झोप जास्त नाही, विस्कटलेली आहे.

हे कळायला शतकाहून अधिक काळ गेला. जर्मनीत वेस्टफालनं 1877 साली असा रुग्ण नोंदवला, फ्रान्सच्या जेलिनोनं 1880 मध्ये आजाराला नाव दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात झोपेच्या विचित्र तापाची साथ आली, तेव्हा व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमोनं मृतांचे मेंदू तपासून झोपाळूपणाची जागा हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात दाखवली. नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच आजार असलेले डॉबरमन आणि लॅब्रॅडॉर कुत्रे पाळले गेले. आवडतं खाणं पुढे ठेवलं की आनंदानं ते कोसळत. ओरेक्झिनचा शोध 1998 चा. पुढच्या वर्षी कुत्र्यांमधला दोष सापडला आणि 2000 मध्ये माणसाच्या मेंदूत या पेशी नाहीशा झाल्याचं दिसलं. त्या नाहीशा का होतात, याचा एक मोठा धागा 2009 च्या स्वाइन फ्लूनं दिला. भारतात त्या साथीचा पहिला बळी पुण्यात गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. युरोपात एका विशिष्ट लशीनंतर फिनलंड, स्वीडनमधल्या मुलांत नार्कोलेप्सी वाढली. चीनमध्ये लशीशिवाय, नुसत्या फ्लूच्या लाटेनंतरही ती वाढली. म्हणजे काही विशिष्ट जनुकं असलेल्या मुलांत शरीराची संरक्षक यंत्रणा विषाणूशी लढता लढता स्वतःच्याच पेशींवर उलटते, असा अर्थ निघतो. लशींवर अविश्वास दाखवायला ही गोष्ट वापरली जाते, तो उद्योग मला मान्य नाही. त्यातून खरं निघतं ते एवढंच की मुलीच्या पेंगण्यात तिच्या स्वभावाचा काडीचा संबंध नाही.

युरोप-अमेरिकेत दोन ते चार हजारांमागे एक रुग्ण असा अंदाज मांडला जातो. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 16,57,576 होती. तोच अंदाज इथे लावला तर जिल्ह्यात चारशे ते आठशे माणसं निघतील. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत श्रीमंत देशांतही आठ-दहा वर्षं सहज जातात. आजार बहुधा पंधराव्या वर्षाच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणजे निदान होईतो शिक्षण, नोकरी आणि लग्न या तिन्हींचे निर्णय होऊन गेलेले असतात.

आता उपचार. पेशी परत आणता येत नाहीत, म्हणून आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. रक्तदाब किंवा मधुमेहासारखा, हे आपल्या लोकांना समजावणं तितकंसं कठीण नाही. सांभाळण्याचं सगळ्यात साधं साधन म्हणजे ठरवून घेतलेली डुलकी. पंधरा-वीस मिनिटांची, दिवसातून दोनदा, घड्याळ लावून. या आजारात छोटी झोपही ताजंतवानं करते, हे त्याचं वैशिष्ट्यच आहे. सकाळी साडेदहाला पंधरा मिनिटं आणि जेवणानंतर वीस मिनिटं झोपलेली मुलगी पुढचे दीड-दोन तास बऱ्यापैकी जागी राहू शकते. रात्री ठरल्या वेळी निजणं, सकाळी ठरल्या वेळी उठणं, दुपारी भात कमी आणि जेवण हलकं, संध्याकाळनंतर चहा बंद. हे सगळं बेंबळीत होण्यासारखं आहे. त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

पण डुलकीला परवानगी लागते, आणि परवानगीची आपल्याकडे उतरंड आहे. जेवून पारावर लिंबाखाली आडवा झालेला पुरुष कुणाच्या डोळ्यात येत नाही. पेठेतल्या दुकानदाराची वामकुक्षी तर कौतुकाचा विषय होऊन बसली आहे. खुरपणीला गेलेली बाई बांधावर पंधरा मिनिटं पडली तर मुकादम रोज कापायची भाषा करतो. घरात नवी सून दुपारी झोपली तर ती माहेरच्या वळणावर जाते. दिवेलागणीला झोपलेल्या मुलीला हलवून उठवतात, कारण त्या वेळी लक्ष्मी येते. नार्कोलेप्सी बायका-पुरुष असा भेद करत नाही. टोमणे करतात. एकाच आजाराचा मुलगा ‘झोपाळू’ म्हणून चेष्टेत निभावतो, मुलीच्या बाबतीत मात्र तिचं घरचं वळण काढलं जातं.

या नजरेला परंपरेचा आधारही आहे. मराठवाड्यातल्याच जांबच्या रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर अख्खा समास लिहिला. निरूपणाला बसून झोपणाऱ्यांची त्यातली चित्रं इतकी नेमकी आहेत की समर्थ बोलता बोलता श्रोत्यांवर बारीक लक्ष ठेवून होते, याची खात्री पटते. त्यांचा रोख आळसावर होता आणि सतराव्या शतकात त्यांना मेंदूतल्या पेशी दिसणार नव्हत्या, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आजच्या शिक्षकाला मात्र ती सवलत नाही. रोज, एकाच वेळी, आवडीच्या तासालाही झोपणारं मूल आळशी असू शकत नाही. आळशी माणूस कंटाळवाण्या कामात झोपतो, हे मूल खेळतानाही झोपतं. ओळखायला एवढा फरक पुरेसा आहे.

इथे एक अडचण मला मान्य करावी लागते, आणि ती मोठी आहे. हा सगळा मुलूखच झोपेचा कर्जदार आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणून माणसं मध्यरात्री दारं धरायला रानात जातात. ऊसतोडीला गेलेली जोडपी पहाटे दोन-तीनला उठून फडात उतरतात, गाडी भरायला येईल ती वेळ त्यांची. पोरं मोबाइलवर जागतात, ते वेगळंच. अशा ठिकाणी दिवसा पेंगणारं प्रत्येक माणूस नार्कोलेप्सीचं म्हणू लागलो तर अनर्थ होईल. म्हणूनच या आजाराच्या निदानातली पहिली पायरी तंत्रज्ञानाची नाहीच. दोन आठवडे झोपेची वही लिहायची: कधी निजलो, कधी उठलो, मध्ये किती वेळा जाग आली, दिवसा कधी डोळा लागला. पुरेशी झोप मिळूनही दिवसा झोप आवरत नसेल तरच पुढे जायचं. वाटेत रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य, दारू, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि घोरणाऱ्यांचा श्वास अडकण्याचा आजार हे सगळं तपासून बाजूला काढायचं. शेवटचा तर नार्कोलेप्सीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये आठ प्रश्नांची एक पट्टी बनवली, जगभर ती वापरतात. वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली की झोप जास्त. त्यातला एक प्रश्न रहदारीत काही मिनिटं थांबलेल्या मोटारीतला आहे. बेंबळीत ती रहदारी कुठून आणायची? इथे विचारायला हवं ते असं: एसटीत लागते का, कीर्तनात लागते का, शेंगा फोडताना लागते का, समोरच्याशी बोलता बोलता लागते का. पहिल्या दोन प्रश्नांना गावात कोण नाही म्हणेल, पण चौथ्याला हो म्हणणारा माणूस डॉक्टरकडे गेलाच पाहिजे.

पक्क्या निदानाची तपासणी मात्र शहरातलीच. रात्रभर डोक्याला, छातीला तारा लावून झोप मोजायची आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पाच वेळा, वीस-वीस मिनिटं, अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी द्यायची. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप आली, तर नार्कोलेप्सी. ही सोय असलेली प्रयोगशाळा म्हणजे बहुतेक वेळा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. दोन माणसांचा प्रवास, मुक्काम, बुडालेला रोज आणि तपासणीचा खर्च. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. वर्षानुवर्षं घरी बसून घ्यायच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. तरीही हातपाय गाळायचं कारण नाही. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर आणि सोलापूरची त्याहून जुनी. हसताना अंग सैल पडत असेल आणि शुद्ध जात नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा जाणता फिजिशियन नुसत्या हकिगतीवरून आजार बराचसा ओळखू शकतो. घरातल्या कुणी तो झटका मोबाइलवर टिपला असेल तर काम आणखी सोपं. ई-संजीवनीसारख्या दूरसल्ल्यातून तेवढं चित्र तज्ज्ञापुढे ठेवता येतं. फेफऱ्याच्या गोळ्यांवर वर्षं काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

फेफऱ्याचा शिक्का किती महाग पडू शकतो, हेही सांगायला हवं. वारंवार येणारं फेफरं हे हिंदू विवाह कायद्यात 1999 पर्यंत विवाह रद्द करून घेण्याचं कारण होतं. तरतूद गेली, गावातली समजूत गेली नाही. म्हणून काही आईबाप आजाराचं नावच नको म्हणतात, स्थळं मोडतील या धास्तीनं. त्यांना मूर्ख ठरवणं शहरात बसून सोपं आहे. पण नाव लपवलं तर औषध लपवावं लागतं, आणि लपवलेलं औषध चुकतं. चुकलेल्या औषधाचा झटका सासरी चुलीपुढे आला, तर तिथे तरी काय लपणार आहे?

औषधांचं सांगायचं तर दिवसाची झोप हटवायला मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल ही सकाळी घ्यायची गोळी बहुधा पहिली. तिची भारतीय बनावटीची रूपं पाश्चात्त्य किमतींच्या मानानं स्वस्त आहेत. गंमत म्हणावी की दैव, हीच गोळी स्पर्धा परीक्षांची मुलं रात्र रात्र जागायला गुपचूप घेतात. ज्याला निरोगी झोप मिळाली आहे तो ती गोळी घालून हाकलतो आणि ज्याला त्या गोळीची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. मिथाइलफेनिडेट हे दुसरं औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे तालुक्याच्या दुकानदाराला ते ठेवणं जिकिरीचं वाटतं. हसताना कोसळण्यावर व्हेन्लाफॅक्सिन, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी मुळात नैराश्याची म्हणून ओळखली जाणारी औषधं वापरतात. परदेशात सोडियम ऑक्सिबेट, पिटोलिसंट ही औषधं रुळली आहेत. ओरेक्झिनचंच काम करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून आशादायक बातम्या आल्या आहेत. याआधीच्या एका अशाच गोळीची चाचणी यकृताला इजा होते म्हणून 2021 मध्ये थांबवावी लागली होती, तेव्हा उतावीळ होऊ नये.

या औषधांत खेड्यातल्या रुग्णासाठी दोन खड्डे आहेत आणि मोठ्या दवाखान्यातल्या घाईत ते सांगायचे राहून जातात. पहिला: कोसळणं थांबवणारी गोळी एकदम बंद केली तर झटके आधीपेक्षा जोरानं उलटतात, कधी एकामागून एक येत राहतात. दुकानात माल संपला, पेरणीत पैसे अडकले, बरं वाटलं म्हणून सोडलं, सगळ्याचा परिणाम तोच. घरात पंधरा दिवसांची गोळी शिल्लक असतानाच पुढची आणायची, हा नियम डॉक्टरनं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिला पाहिजे. दुसरा: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, औषध थांबवल्यावरही महिनाभर. आरोग्य केंद्रातून माला-एन घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगायचं? पुण्याच्या तज्ज्ञाला माला-एन आठवत नाही आणि आशाताईला मोडाफिनिल माहीत नाही. शिवाय गर्भावस्थेत मोडाफिनिल टाळायचं असतं, म्हणून हा प्रश्न नुसत्या गैरसोयीवर थांबत नाही. अशा बाईला तांबी किंवा दुसरा हार्मोनविरहित उपाय सुचवायला हवा, आणि मूल हवं असेल तर औषधाबद्दल आधीच डॉक्टरशी बोलायला सांगायला हवं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं, हेही त्याच चिठ्ठीवर.

कुणी विचारेल, ज्या जिल्ह्याची आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नोंद आहे, जिथे शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नाहीत, तिथे हजारांत एखाद्याला होणाऱ्या आजाराचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मी नवी प्रयोगशाळा मागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळाशाळांत जाऊन मुलं तपासतात, तीस प्रकारचे दोष आणि आजार बघतात. त्या तीसांत झोप नाही. ‘पुरेसं झोपूनही वर्गात रोज झोप लागते का, आणि हसताना अंग सैल पडतं का’ एवढे दोन प्रश्न त्या कागदावर वाढवायला पैसे लागत नाहीत. पहिल्या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या मुलांत नार्कोलेप्सीचं मूल क्वचितच निघेल. पण टॉन्सिल वाढून रात्री श्वास अडकणारं, रक्त कमी असलेलं, बापाबरोबर रात्री पाण्यावर जाणारं, घरात रोज भांडण ऐकत जागणारं मूल नक्की निघेल. दुर्मीळ आजारासाठी विचारलेला प्रश्न त्या सगळ्यांच्या कामी येईल.

जिवाच्या धोक्याकडे तर आपलं लक्षच नाही. शहरातली माहितीपत्रकं कार्यालयातल्या बैठकीत झोप लागण्याबद्दल लिहितात. इथे झोप लागते ती कडबाकुट्टीच्या तोंडाशी, सोयाबीनची रास चालू असताना मळणीयंत्राजवळ, कठडा नसलेल्या विहिरीवर, उकळत्या आधणापुढे आणि धाराशिवच्या रस्त्यावर मोटारसायकलवर. यंत्रात पेंढी सरकवायचं काम अशा माणसाला देऊ नये. पोहताना, विहिरीत उतरताना, चुलीपाशी दुसरं कुणीतरी जवळ असावं. गाडीचं कठीण आहे. शिकाऊ परवान्याच्या अर्जासोबतच्या आरोग्य घोषणापत्रात फेफरं, अचानक शुद्ध जाणं, भोवळ यांबद्दल विचारतात, झोपेबद्दल थेट विचारत नाहीत. शिवाय परवान्याशिवाय गाडी हाकणाऱ्यांच्या गावात कागदाला विचारतो कोण! आजार ताब्यात नसेल तोवर गाडी नाही, आणि असला तरी लांबचा पल्ला नाही, हे घरच्यांनीच ठरवायचं. वीस वर्षांच्या मुलाच्या हातून मोटारसायकलची किल्ली काढून घेणं गोळी देण्यापेक्षा अवघड आहे, हे मी जाणतो.

कायद्याचा आधार घ्यावा तर तोही तोकडा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्यात एकवीस प्रकार आहेत. मेंदूच्या दीर्घ आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं आहेत, नार्कोलेप्सीचं नाही. त्यामुळे प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही म्हणून परीक्षेत वाढीव वेळही नाही. ही यादी कधी ना कधी वाढवावी लागेल, तिच्यासाठी भांडणारे भांडोत. तोवर मुख्याध्यापकाच्या हातात जे आहे ते थोडं नाही. डॉक्टरचं पत्र हजेरीपटाला लावून ठेवता येतं. मधल्या सुट्टीत कार्यालयातला एक बाक वीस मिनिटांसाठी देता येतो. तासाच्या मध्यावर त्या मुलीला फळा पुसायला, खडू आणायला उठवता येतं. गणित तिच्या डुलकीनंतरच्या तासाला ठेवता येतं. कुणी तिला हसवून पाडायचा खेळ मांडला तर त्याचा कान धरता येतो.

दहावीच्या बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो आणि दोनच्या पुढेपर्यंत चालतो. तीन तासांहून अधिक वेळ, तोही नेमका तिच्या डुलकीच्या वेळेवर पडणारा. मुलगी दहालाच केंद्रावर पोचली, सव्वादहा ते साडेदहा एखाद्या रिकाम्या खोलीत झोपली, मैत्रिणीनं तिला उठवलं आणि तोंड धुऊन ती वर्गात गेली, तर निम्मा पेपर तरी ती जागेपणी लिहील. मध्ये पाच मिनिटं डोकं बाकावर टेकवलं तर पर्यवेक्षकानं ते नकलेचं लक्षण समजू नये. त्यासाठी केंद्रसंचालकाला शाळेचं पत्र परीक्षेच्या सकाळी दाखवून चालणार नाही, ते जानेवारीतच गेलेलं असलं पाहिजे, डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत जोडून.